आईचा कोळी, बाबांचा कोळी

माझी नणंद पहिल्यांदा माझ्या माहेरी आली, तेव्हा तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मग बराच वेळ छताच्या कोपऱ्याकडे पाहत बसली. माझ्या आईचा चेहरा पडला. सगळं घर पुसून काढलं होतं, तरी कोपऱ्यातलं एक जाळं राहून गेलं होतं.

"ते काढू नका हं इतक्यात," ताई म्हणाली. "तिनं आत्ताच कात टाकलीय. अंग ओलं असतं, त्रास होतो."

आई हातात किटली धरून तशीच उभी राहिली. 'ती' म्हणजे कोण, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. नणंद बाहेर पडल्यावर तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मुलगा तरी बरा आहे ना?"

मुलगा बराच निघाला. आणि त्याची बहीण त्याच्याहूनही बरी निघाली, हे कळायला मला थोडा वेळ लागला, कारण ती सगळा वेळ कोळ्यांत असायची. गावातल्या संग्रहालयात कोळ्यांची एक खोली आहे. कॉलेज संपल्यापासून निवृत्तीपर्यंत ताईनं तिथेच काम केलं. लग्न केलं नाही. आई-बाबा गेल्यावर त्यांच्याच घरात एकटी राहिली. न्हाणीघरातल्या कोळ्याशी बोलल्याशिवाय ती नळ उघडत नाही. भीती तिला फक्त कबुतरांची वाटते. खिडकीत कबुतर बसलं की ती मला फोन करते.

ह्यांनी लहानपणीच तिचं नाव 'कोळिष्टक' ठेवलं होतं. तिनं ते मनावर घेतलं नाही. नाव ठेवणं हे जबाबदारीचं काम आहे आणि ह्यांना त्यातलं काही कळत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

माझे सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. किरकोळ बांध्याचा, हळू बोलणारा माणूस. सासूबाई उंच, धिप्पाड, आवाज तीन घरं ओलांडून जाणारा. त्यांच्या हातात कायम झाडू असायचा, आणि ताईच्या आणि त्यांच्या सगळ्या भांडणांचं मूळ तो झाडूच होता. ताईनं कपाटामागे एखादं जाळं जपून ठेवावं आणि सासूबाईंनी नेमकं त्या दिवशी कपाट सरकवावं. बाबा मधे पडायचे नाहीत. पण घड्याळजींच्या डोळ्याला लावायचं असतं ते भिंग त्यांनी गुपचूप ताईला देऊन टाकलं होतं, आणि दुकानात नवं घेतलं होतं. ते भिंग आजही दोरीला बांधून ताईच्या गळ्यात असतं.

घराच्या दारावर पितळी पाटी होती, तिच्यावर फक्त बाबांचं नाव. ती पाटी दर आठवड्याला घासून लखलखीत करायच्या मात्र सासूबाई.

संग्रहालयात लागल्यावर थोड्याच वर्षांत ताईला दोन नवे कोळी सापडले. नवे म्हणजे आधी कुणी नाव न दिलेले. एक जाळ्याच्या मध्यावर बसणारी, पिवळ्या पट्ट्यांची, चांगली बोराएवढी, टपोरी मादी. दुसरा तिच्या पायाच्या टोकाएवढा, तपकिरी, काटकुळा नर, तो वेगळ्याच जागी भिंतीवर फिरताना मिळालेला. ताईनं मोठ्या कोळ्याला आईचं नाव दिलं, छोट्याला बाबांचं. स्वतःचं नाव द्यायचं नसतं. तसा नियम नाही, पण देणाऱ्याला लोक हसतात.

मला तिनं हे सगळं चहाच्या टेबलावर समजावलं होतं. प्रत्येक जिवाला दोन शब्दांचं नाव असतं. पहिला शब्द घराण्याचा, म्हणजे आडनाव समज. दुसरा त्याचा स्वतःचा. आणि ते नाव हवेत नसतं, एका खऱ्याखुऱ्या नमुन्याला बांधलेलं असतं. तो नमुना स्पिरिटच्या बाटलीत घालून, लाल चिठ्ठी लावून जपायचा. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली, की त्यानं तीच बाटली उघडून बघायची.

"म्हणजे आईंना बाटलीत भरलं तुम्ही," मी म्हटलं होतं.

"आयुष्यभर ती माझे कोळी टाकत आली," ताई म्हणाली. "आता तिला कुणी टाकू शकत नाही."

तेव्हापासून ती दोन नावं हा ताईचा सगळा अभिमान. तिनं फार लेख लिहिले नाहीत. दुसऱ्यांनी गोळा केलेले कोळी ओळखणं, बाटल्यांमधलं स्पिरिट भरणं, चिठ्ठ्या बदलणं यात तिचे दिवस गेले. पण कुणी शाळेची मुलं घेऊन आलं, की ती त्या दोन बाटल्या काढून म्हणायची, "हे माझे आई-बाबा." मुलं घाबरायची आणि मग पुन्हा दाखवा म्हणायची.

त्या मुलांमध्ये आमची छकूही होती. पुढे काय झालं असेल हे सांगायला नको. माझी एकुलती एक मुलगी आत्याच्या वळणावर गेली. डॉक्टर होईल, निदान बँकेत जाईल, असं मला वाटत होतं. ती पीएच.डी.ला लागली आणि जंगलांतून फिरायला लागली. फोन लागला नाही की मला वाटायचं, चावलं काहीतरी. "आई, त्यांच्यापेक्षा जास्त मला डास चावतात," ती सांगायची. मग मी डासांची काळजी करायचे.

एका फेरीवरून तिनं कापसाच्या बोंडासारखी एक पिवळट पिशवी आणली. आजीच्या कोळ्याच्या जाळ्यावरून काढलेली, अंड्यांनी भरलेली. आमच्या सामानाच्या खोलीत तिनं फळीवर काचेच्या बरण्या मांडल्या, तोंडाला मलमल बांधली, आणि पिल्लं बाहेर पडल्यावर एकेकाला वेगळ्या बरणीत घातलं. मला ती खोली उघडावीशी वाटेना. पण छकू पुन्हा फिरतीवर निघाली तेव्हा माझ्या हातात काळी पडलेली केळी ठेवून म्हणाली, "यांच्यावर चिलटं येतील. ती रोज बरण्यांत सोडायची. माझं दोन वर्षांचं काम आहे आई, मरू देऊ नकोस."

आता जे माझ्याकडे सोपवलं जातं ते मी मरू देत नाही. रोज चिलटं घातली. दिवसातून कितीतरी वेळा जाऊन प्रत्येक बरणीची मलमल ओढून पाहिली, कारण त्यातलं एकही आमच्या पांघरुणात यायला नको होतं. आणि असं रोज बघताना मला दिसायला लागलं, की काही पिल्लं फुगत चाललीत आणि काही वाढायचीच थांबलीत. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. जी थांबली होती त्यांना मी जास्त चिलटं घातली. ती खाईनात.

छकू परत आली, तिनं त्या न वाढलेल्यांपैकी एकाची बरणी उजेडात धरली आणि तिथेच सामानाच्या पेटीवर बसली.

"उपाशी राहिलं का गं ते?" मी विचारलं.

"नाही आई. तो एवढाच असतो. तो पूर्ण वाढलाय." मग म्हणाली, "हे आजोबा आहेत."

एकाच पिशवीतली भावंडं. मुली आजीच्या कोळ्यासारख्या झाल्या होत्या आणि मुलगे आजोबांच्या. म्हणजे ते दोन कोळी वेगळे नव्हतेच. एकाच प्रजातीची मादी आणि नर होते, आणि ताईनं त्यांना वेगवेगळी नावं दिली होती. कोळ्यांत असं होतं म्हणे. मादीची ओळख पोटाखालच्या खुणेवरून पटवतात, नराची तोंडाजवळच्या दोन मुठींवरून. या दोन गोष्टी ताडून बघायला काही वाटच नसते. दोघं एकत्र सापडली नाहीत तर कोण कुणाचं हे कळणार कसं?

मला वाटलं, चांगलं झालं, शोध लागला. पण छकूचा चेहरा रडवेला.

"एका प्रजातीला एकच नाव चालतं," ती म्हणाली. "मी हे लिहिलं की आत्याच्या दोन नावांतलं एक जाणार. आणि पुढच्याच महिन्यात तिचा निरोपसमारंभ आहे."

ते मला ठाऊक होतं. संग्रहालयाचे संचालक दर्शनी दालनात एक मोठा फलक लावणार होते, ताईच्या दोन्ही कोळ्यांचे फोटो घालून. 'दोन नव्या प्रजातींच्या शोधकर्त्या' असा मजकूरही ठरला होता. ताईनं तो मला फोनवर वाचून दाखवला होता आणि शेवटी म्हणाली होती, "जरा जास्तच लिहिलंय, नाही?" पण बदला म्हणाली नव्हती.

"मग समारंभानंतर लिही," मी म्हटलं. "एवढे दिवस थांबलंय ते, आणखी थोडे थांबेल."

"फलक लागू द्यायचा, तिला टाळ्या घेऊ द्यायच्या, आणि मग खोटा ठरवायचा? ते चांगलं का?"

चांगलं नव्हतं. पण आधी सांगायचं तरी कसं? आई-बाबांपैकी एकाचं नाव पुसलं जाणार हे, आणि तेही जिला हाताला धरून सूक्ष्मदर्शकाशी बसवलं त्या भाचीकडून. छकू आज सांगते उद्या सांगते करत राहिली आणि जेवेनाशी झाली. मला ते बघवेना. एके दिवशी डबा भरला आणि मी एकटीच संग्रहालयात गेले.

ताईची खोली लांब बोळाच्या शेवटी आहे. स्पिरिटचा वास दारातच भेटतो. भिंतभर फळ्या, फळ्यांवर बरण्या, बरण्यांत कापसाची बोळी लावलेल्या बारक्या बाटल्या. ताई वाकड्या मानेच्या दिव्याखाली चिमट्यानं काहीतरी उलटं करत होती.

"डबा कुणाला?"

"तुम्हाला."

"मी घरून आणते, तुला माहितीय. काय झालंय?"

"काही नाही. छकूचं जरा बोलायचं होतं."

"लग्न करतेय?"

"नाही."

"शिक्षण सोडतेय?"

"नाही हो."

"मग असा चेहरा का केलायस? मला वाटलं बाळ्याला काही झालं."

"ह्यांना काही झालं नाही. पिल्लं झालीत," मी म्हणून गेले.

ताईनं चिमटा खाली ठेवला. "बाळ्याला?"

"कोळ्यांना. आमच्या सामानाच्या खोलीत. आईंच्या कोळ्याला." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "पण सगळी आईंसारखी झाली नाहीत, ताई. काही बाबांसारखी झालीत."

ती उठली, कपाटातून लाल चिठ्ठीच्या दोन बाटल्या काढल्या आणि खिडकीशी जाऊन दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. गळ्यातलं भिंग हातात घेतलं, पण डोळ्याला लावलं नाही. मला वाटलं, झालं, मी हे सगळं बिघडवलं.

"बाहेरचं पिल्लू बरणीत शिरलं नसेल?" तिनं तिकडेच बघत विचारलं.

"ताई, तुम्ही मला ओळखता. मी झोपण्यापूर्वी गॅस किती वेळा बघते?"

"निदान चार वेळा."

"त्या बरण्या त्याहून जास्त वेळा बघितल्यात."

ताई वळली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, पण रागही नव्हता. "मग पुरावा पक्का आहे," ती म्हणाली. "चल, दाखव."

कामाच्या वेळात खोलीला कुलूप लावून निघालेली ताई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. तीन-चार थांबे गेल्यावर एकदम बोलायला लागली.

"मीही आणली होती अशी पिशवी. ही नावं देण्याच्या आधी. जॅमच्या रिकाम्या बरणीत घालून न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली होती. संध्याकाळी घरी आले तर बरणी घासून पुसून पालथी घातलेली. आईनं त्यात बटणं भरून ठेवली नंतर."

"आणि पिशवी?"

"केरात. पुन्हा मिळाली नाही मला." ती पुन्हा खिडकीकडे वळली. "ती बरणी राहिली असती ना, तर मला तेव्हाच कळलं असतं. म्हणजे बघ, त्या दोघांना वेगळं मी नाही केलं. आईनंच केलं."

छकूनं दार उघडलं आणि आत्याला बघून भिंतीला टेकली. "आई, तू सांगितलंस?"

"तिनं कुठलं सांगायला," ताई चपला काढत म्हणाली. "गोल गोल फिरत होती. कुठे आहेत माझे भाऊ-बहिणी?"

सामानाच्या खोलीत आम्ही तिघी दाटीवाटीनं उभ्या राहिलो. ताईनं एकेक बरणी बघितली, भिंगातून बघितली, छकूला चार आडवेतिडवे प्रश्न विचारले. मग म्हणाली, "एक नर तिच्या जाळ्यावर सोड."

छकूनं मोठ्या बरणीतल्या जाळ्याच्या कडेला तो काटकुळा नर ब्रशनं अलगद उतरवला. तो पुढे गेलाच नाही. कडेलाच थांबला आणि पुढच्या पायांनी धाग्यावर टकटक करायला लागला. दोनदा टकटक, मग थांबायचं. पुन्हा दोनदा.

"परवानगी मागतोय," छकू हळूच म्हणाली.

ताईच्या तोंडून आवाज आला तो मला आधी रडण्याचा वाटला. ती हसत होती. हसता हसता तिनं पेटीवर बसकण मारली.

"अगं, बाबा," ती म्हणाली. "बाबा स्वयंपाकघरात शिरायच्या आधी चौकटीवर दोन बोटांनी असंच टकटक करायचे. स्वतःच्या घरात. आई लगेच वळायची नाही. ते पुन्हा करायचे. मग ती म्हणायची, या आता, कशाला उभे."

"खाईल का हो ती त्याला?" मला काळजी वाटायला लागली होती.

"आईनं खाल्लं का? प्रयत्न पुष्कळ केला." तिनं डोळे पुसले. "बाळ्यानं बघायला हवं हे."

मग ती शांत झाली, आणि मुद्द्यावर तीच आली. "एकच राहणार आता. कुठलं?"

नेहमी हा प्रश्न येत नाही. जे नाव आधी छापलं गेलं ते टिकतं, नंतरचं मागे पडतं. पण ताईनं दोन्ही नावं एकाच लेखात, एकाच दिवशी दिली होती. आई-बाबांत पुढे-मागे नको म्हणून मुद्दाम. अशा वेळी नियम असा आहे, की ती दोन्ही एकच आहेत हे जो पहिल्यांदा लेखात मांडतो आणि त्यातलं एक निवडतो, त्याची निवड सगळ्या जगानं मानायची.

"आत्या, तू लिही," छकू म्हणाली. "तूच निवड. म्हणजे तुझी चूक तूच सुधारलीस असं होईल."

"मला आईत आणि बाबांत निवड करायला सांगतेस? पाहुणे विचारायचे लहानपणी, आई जास्त आवडते की बाबा. मी टेबलाखाली जाऊन बसायचे." ताई उठली. "पिल्लं तुझी, शोध तुझा, निवडही तू कर. मला छापून येईपर्यंत सांगू नकोस. आणि संचालकांना मी सांगते. फलकाचा मजकूरही तूच लिही. खोटं काही नको त्याच्यावर."

जाताना तिनं डबा नेला.

त्यानंतर आमच्या घरात ह्यांनी बाबांची बाजू लावून धरली. "सबंध जन्म तो माणूस आईच्या मागे चालला," हे म्हणायचे. "निदान कोळ्यांत तरी पुढे राहू दे."

"बाबा, ही तुमच्या घरातली वाटणी नाही," छकू म्हणाली. "ज्यानं बाकीच्यांचा गोंधळ कमी होईल ते नाव ठेवायचं असतं. आजीचं नाव इतरांच्या कितीतरी लेखांत आलंय, कारण ती जाळ्याच्या मधोमध बसते, सगळ्यांना सापडते. आजोबांचं नाव आत्याच्या लेखाबाहेर जवळजवळ कुठेच नाही."

"म्हणजे इथेही ते कुणाला दिसलेच नाहीत," हे म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. पण नंतर ते दोनदा सामानाच्या खोलीत जाऊन आले. मी विचारलं नाही.

लेख समारंभाच्या आदल्याच दिवशी छापून आला. ताईनं तो बघितला नव्हता. दालनात तो फलक पडद्यानं झाकलेला होता. संचालकांनी जुनंच भाषण आणलं होतं बहुतेक. "ताईंनी जगाला दोन नव्या प्रजाती दिल्या," असं ते म्हणाले, आणि पहिल्या रांगेतून ताईचा आवाज आला, "एक."

लोक हसले. संचालकही हसले आणि त्यांनी पडदा ओढला.

मी फलकाकडे बघितलंच नाही, ताईकडे बघत होते. छकूनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. ताई पुढे गेली. फोटोत जाळ्याच्या मधोमध ती मोठी पिवळ्या पट्ट्यांची मादी होती आणि अगदी कडेला तो. खाली ठळक अक्षरांत आईंचं नाव. आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत बाबांचं, दोन्ही नावांपुढे, नाव देणारी म्हणून, ताईचं आडनाव आणि तेच साल.

ताईनं भिंग डोळ्याला लावून ती खालची ओळ वाचली.

"मागे पडलेलं नाव पुसायचं नसतं आत्या," छकू तिच्याजवळ जाऊन म्हणाली. "या कोळ्याबद्दल कुणी नीट लिहायला बसला, की त्याला आजीच्या खाली आजोबांचंही नाव लिहावं लागणार. कायम."

"मला शिकवतेस होय?" ताई म्हणाली. पण तिनं छकूच्या खांद्यावर हात ठेवला होता. बराच वेळ ती दोन्ही नावं बघत राहिली. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "बाळ्या, दारावरची पाटी आठवते? सगळा जन्म आई घासत राहिली, आणि तिच्यावर तिचं नावच नव्हतं. ही आता बाबांनी घासावी."

हे हसले, आणि मग चष्मा पुसायला लागले.

निवृत्तीनंतर ताई घरी कंटाळेल, अशी मला काळजी वाटत होती. पुढच्याच आठवड्यात तिचा फोन आला. मला वाटलं, कबुतर.

"रिकाम्या बरण्या आहेत का गं तुझ्याकडे?" तिनं विचारलं. "न्हाणीघरात एक पिशवी दिसलीय. कुणाची आहे ते बघायचंय."

"आहेत की. जॅमची आत्ताच संपली. घासून ठेवते."

"घास," ताई म्हणाली. "बटणं भरू नकोस."